१६८० मात्रा: चार पियानोंच्या रचनेच्या नोंदी

१२ एप्रिल २०२५, शनिवार

हिशेब जमला. रूपक ७, झपताल १०, एकताल १२, त्रिताल १६ मात्रांचा. चार पियानो, प्रत्येकाचा ताल वेगळा, मात्रेची लय सगळ्यांची एकच. चौघांनी एकदम समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, सुरुवात केली तर पुन्हा चौघांची सम एकत्र पडते १६८० मात्रांनी. मिनिटाला १२० मात्रा धरल्या तर बरोब्बर १४ मिनिटं. एवढीच रचना. १४ मिनिटांत एक सम.

रूपक काढून टाकला तर उरलेले तिघे दर २४० मात्रांनी, म्हणजे दर दोन मिनिटांनी भेटतात. सगळा उशीर त्या साताचा आहे.

अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइशचं १९६७चं ‘पियानो फेज’ इथून फार लांब नाही, हे माहीत आहे. तिथे बारा सुरांची एकच ओळ दोन पियानोंवर असते, एक जण जागा सोडत नाही आणि दुसरा हळूच पुढे सरकत एका सुराने पुढे जातो. माझ्याकडे कोणी सरकत नाही, आवर्तनंच लहानमोठी आहेत. आपल्याकडच्या कानाला समेची वाट बघायची सवय असते. त्या सवयीशी खेळायचं आहे.

ठाण्याच्या नौपाड्यातला माझा पियानोचा क्लास तळमजल्यावर आहे हे नशीब. माझा एक अपराइट, म्हणजे उभा पियानो, आहे. दोन डिजिटल विद्यार्थ्यांकडून मिळतील. चौथ्याचा पत्ता नाही.

२ मे, शुक्रवार

चौथा मिळाला. राम मारुती रोडच्या मागच्या गल्लीतली एक इमारत पुनर्विकासाला चालली आहे. तिथल्या दुसऱ्या मजल्यावरच्या आजींचा फोन आला, “महिनाअखेरीला घर रिकामं करायचंय. घेऊन जा, नाहीतर भंगारवाला आहेच.” मीच टेम्पो बोलावला. पाच माणसं आली, पट्टे घेऊन. जिन्याच्या वळणावर पियानो अडकला तो वीस मिनिटं तसाच. त्यांच्यातला म्होरक्या घाम पुसत म्हणाला, “बाई, ह्यात भरलंय काय?” मी म्हटलं, लोखंड. खरंच आहे ते. सव्वादोनशेच्या वर तारा असतात, सगळ्यांचा ताण मिळून पंधरा-वीस टनांच्या घरात जातो. नुसत्या लाकडी सांगाड्याने तो पेलला नसता, म्हणून आत ओतीव लोखंडाची चौकट. त्याला हे सगळं ऐकायचं नव्हतं. त्याला कठडा काढायला पाना हवा होता.

आजी गॅलरीतून बघत होत्या. टेम्पो सुरू झाल्यावर वरून ओरडल्या, “मधला पेडल दाबू नकोस, अडकतो!”

आत उघडून बघितलं. वाळवी नाही. तारांचा आवाज थांबवणाऱ्या डँपरच्या नमद्याला कसर लागली आहे. सूर पाव सुराने खाली, काही ठिकाणी त्याहून जास्त. ट्यूनरकाकांना ५ जूनची तारीख दिली, पावसाच्या तोंडावर दोन्ही पियानो एकदम लावून टाकू म्हणून.

११ मे, रविवार

वादक ठरले. नावांऐवजी तालानेच हाक मारायची असं आपोआप झालं. रूपक म्हणजे अठरा वर्षांची मुलगी, लहानपणी चार वर्षं तबला शिकलेली. ऐरोलीहून येणारा आयटीतला मुलगा झपताल. बँकेतून निवृत्त झालेल्या बाई त्रिताल. एकताल मी. “झपताल उशिरा येतोय, पुलावर ट्रॅफिक आहे” असे मेसेज ग्रुपवर पडतात. बाहेरच्या कोणी वाचले तर काय समजेल कोण जाणे.

२६ मे, सोमवार

पाऊस आला. मुंबईत मे महिन्यात. पंचाहत्तर वर्षांत इतक्या लवकर कधी आला नव्हता म्हणतात. माझं ट्यूनिंग ५ जूनला.

५ जून, गुरुवार

काका वसईहून आले. माझ्या पियानोवर काटा लावला तर पांढरी सहा (इंग्रजी A) ४४० हर्ट्‌झऐवजी ४४२च्या थोडी पुढे. मधल्या सप्तकात जास्त चढलाय, दोन्ही टोकांना कमी. दमट हवेत साउंडबोर्डचं, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या फळीचं, लाकूड पाणी पितं, फुगतं, तारा ज्या पट्टीवर टेकतात तिला वर ढकलतं आणि तारा ताणल्या जातात. दर पावसाळ्यात होतं, फक्त या वेळी बरंच आधी झालं.

मी म्हटलं, खाली ओढा. काका म्हणाले, “ओढतो की. पण मग दिवाळीनंतर हा ४३७ दाखवेल, तेव्हा मला शिव्या घालायच्या नाहीत. पावसात वर गेलेल्याला वरच सरळ करायचं.” त्यांनी सगळा पियानो ४४२वर सारखा केला.

आजींचा पियानो मात्र खालून वर आणायचा होता. एकदम नाही आणता आला. पहिल्या फेरीत अंदाजाने वर, चहा, मग दुसऱ्या फेरीत बारीक. मंद्रातली तांबं गुंडाळलेली एक तार तुटली. आवाज असा की वरच्या मजल्यावरचे काका खाली बघायला आले. ४४०वर पोचल्यावर ट्यूनरकाकांनी चावी खिशात घातली. “ह्याच्या पुढे मी नाही. तारा जुन्या आहेत, पोरी.”

म्हणजे एका खोलीत दोन अपराइट, एक ४४२, एक ४४०. आठ सेंटचा फरक, सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग. डिजिटल दोन्ही मेन्यूतून कुठेही लावता येतात, पण ह्या दोघांचं काय करायचं? रात्रभर डोक्यात तेच.

६ जून, शुक्रवार

सकाळी क्लास सुरू व्हायच्या आधी दोन्ही पियानोंची पांढरी सहा एकदम दाबून धरली, एक हात इकडे, एक तिकडे, पाय माझ्या पियानोच्या पेडलवर. सूर हेलकावे खायला लागला. भौतिकशास्त्राच्या पुस्तकात ह्याला विस्पंद म्हणतात. ४४२ वजा ४४०, सेकंदाला दोन हेलकावे.

सेकंदाला दोन म्हणजे मिनिटाला १२०. माझी लय.

घड्याळ लावून तीनदा मोजलं. मग पुढे गेले. फरक ठरावीक हर्ट्‌झचा नाही, प्रमाणाचा आहे, त्यामुळे सप्तक चढलं की हेलकावे दुप्पट, उतरलं की निम्मे. पांढरी सहाला सा मानलं तर मध्य सा ठायमध्ये हलतो, तार सा दुगुनीत, त्याच्या वरचा चौगुनीत, मंद्र सा निमपट. आणि त्या मध्य साच्या वरचा पंचम, पांढरी तीन, सेकंदाला तीन हेलकावे देतो, म्हणजे दीडपट. आड! दोन बिघडलेल्या पियानोंच्या आत अख्खी लयकारी, म्हणजे एकाच लयीची पट-दुप्पट-दीडपट, बसलेली होती.

बाबांना फोन करून हे सांगितलं. ते बराच वेळ तबला ह्या विषयावर बोलले आणि शेवटी म्हणाले, “म्हणजे पियानो बेसूर आहेत ना?”

८ जून, रविवार

परवाच्या उत्साहाला थोडं पाणी. कागदावर जे स्वच्छ दिसतं ते तारेवर तसं नसतं. मंद्र सा वाजवला की मूळ सूर सेकंदाला एकदा हलतो, पण त्याचा वरचा स्वरांश, म्हणजे त्यातच मिसळलेला सप्तकभर वरचा सूर, त्याच वेळी दोनदा हलत असतो, तेव्हा कान भलत्यालाच धरतो. अगदी वर चौगुन ऐकू येत नाही, नुसती झिलई येते. शिवाय वरचे सूर काका दोन्हीकडे थोडे ताणूनच लावतात. गांधाराचा हिशेब सव्वापट यायला हवा, पियानोचा गांधार चढा असल्यामुळे किंचित पुढे पळतो. मध्य सा, तार सा आणि पंचम ह्या तीन जागा भरवशाच्या. त्या तिघांवरच बांधायचं.

अमेरिकन संगीतकार चार्ल्स आइव्हजने १९२३-२४मध्ये दोन पियानोंसाठी तीन तुकडे लिहिले, त्यात एक पियानो दुसऱ्यापेक्षा पाव सुराने वेगळा लावतात. तो फरक ५० सेंट. तिथे चोवीस सुरांचं नवं सप्तक मिळतं. माझ्या आठ सेंटमध्ये नवा सूर एकही मिळत नाही, फक्त जुना सूर हलतो. मला तेवढंच पुरे आहे.

१५ जून, रविवार

नोटेशनच्या सॉफ्टवेअरशी भांडण. त्याला चारही ओळींचे बार एकत्र संपायला हवेत, आणि माझी अख्खी गंमत ते एकत्र न संपण्यात आहे. कंटाळून आलेखाचा कागद आणला. एक मात्रा म्हणजे पाच मिलिमीटरचा एक चौकोन, चार ओळी. १६८० मात्रा म्हणजे आठ मीटर चाळीस सेंटिमीटर. पट्टी दोन भिंतींवरून, कपाटाच्या दारावरून पुढे जाऊन स्विचबोर्डपाशी संपते. कपाट उघडलं की नववं मिनिट हलतं.

नियम: डावा हात म्हणजे बायां, तबल्याच्या जोडीतला डग्गा. तालात जिथे भरी (टाळीची मात्रा) तिथेच खर्ज, म्हणजे डाव्या हाताचा खालचा सूर; खालीला (बिनटाळीच्या मात्रेला) डावा हात उचलायचा. पेडल फक्त दोन अपराइटना, तेही जिथे हेलकावा ऐकवायचा तिथेच. चार पियानोंनी एकदम पेडल दाबला की नुसती गढूळ आमटी होते, हे पहिल्याच दिवशी कळलं.

सुरुवात अशी: दोन्ही अपराइट मध्य सा धरतात, आठ सेकंद. सोळा हेलकावे. त्यातून लय घ्यायची आणि चौघांनी समेवर यायचं. मेट्रोनोम नाही.

६ जुलै, रविवार

आषाढी. सकाळी गल्लीतून दिंडी गेली, टाळांच्या आवाजात तालीम अर्धा तास थांबली. साबुदाण्याची खिचडी त्रितालबाईंनी आणली होती.

अमेरिकन संगीतकार मॉर्टन फेल्डमनच्या १९५७च्या चार पियानोंच्या तुकड्यात चौघांसमोर एकच कागद असतो, सुरुवात एकत्र करायची आणि पुढे ज्याने त्याने आपल्या चालीने जायचं. ती रीत घेऊन आठ स्वरसमूहांचं एक पान मी लिहिलं, नुसता सराव म्हणून. झपतालला ते जमेचना. तो प्रत्येक वेळी बाकीच्यांसाठी थांबत होता. “मॅडम, पुढे गेल्यावर अपराधी वाटतं हो.” रूपक मात्र सगळ्यांच्या आधी संपवून खिचडीकडे.

२० जुलै, रविवार

पहिल्यांदा सलग. सहाव्या मिनिटापर्यंत ठीक. मग एकताल, म्हणजे मी, एक मात्रा खाल्ली आणि कुणाच्याच लक्षात आलं नाही. आठव्या मिनिटाला तिघांची भेट व्हायला हवी होती ती झाली नाही, तेव्हा चौघेही एकमेकांकडे बघत राहिलो. वाजवणं चालूच. पुढची सहा मिनिटं पूर्ण वाया.

झपतालने तोडगा काढला, सगळ्यांच्या कानात इअरफोन आणि एकच टिकटिक. करून बघितलं. एकही चूक झाली नाही, आणि रेकॉर्डिंग ऐकल्यावर चार माणसं चार खोल्यांत बसून वाजवत असल्यासारखं वाटलं. हेलकावे तर कुणाला ऐकूच आले नव्हते. रशियन संगीतकार स्त्राविन्स्कीने ‘ले नोस’ या बॅलेसाठी १९१९मध्ये यांत्रिक पियानो घालून बघितला होता. यंत्र आणि माणसं एका लयीत ठेवणं जमेना म्हणून तो बेत सोडला, आणि १९२३मध्ये पॅरिसला ते झालं चार पियानो आणि तालवाद्यांवर. इअरफोन काढले.

२२ जुलै, मंगळवार

पट्टीसमोर उभी राहून तिघांच्या खोट्या समा मोजल्या. दर २४० मात्रांनी झपताल, एकताल, त्रिताल भेटतात, तेव्हा रूपक कुठे असतो? पहिल्या भेटीला तिसऱ्या मात्रेवर. मग ५, ७, २, ४, ६ आणि शेवटी १. सातही मात्रा एकेकदा! कोणी ठरवून बसवल्यासारखं.

रूपकच्या कागदावर लाल पेन्सिलीने लिहून टाकलं: ३, ५, ७, २, ४, ६, १. तिघांची भेट झाली की तिने बघायचं आपण कितवीवर आहोत. चुकलेली असेल तर तिथेच उडी मारायची. चुकलेला दुसरा कोणी असेल तर बाकीच्या दोघांचा खर्ज ऐकून त्याने उडी मारायची. दर दोन मिनिटांनी एक फलाट.

पण ह्यातून भलतंच एक उघडं पडलं. रूपकात डावा हात येतो चौथ्या आणि सहाव्या मात्रेला. पहिली मात्रा, त्याची सम, खाली आहे. म्हणजे पाचव्या भेटीला, दहाव्या मिनिटाला, चौघांचे खर्ज एकदम पडतात. बाराव्या मिनिटाला पुन्हा. आणि ज्या समेसाठी चौदा मिनिटं थांबलो तिथे रूपकचा डावा हात हवेत! रचनेतला सगळ्यात मोठा आवाज चुकीच्या जागी आहे आणि खरी सम त्याहून हलकी.

३ ऑगस्ट, रविवार

दोन आठवडे हेच. एक उपाय, शेवटच्या समेला रूपकला खर्ज देऊन टाकायचा, कोण विचारतंय. तालमीत तसं केलं. दणदणीत वाजलं. रूपक गप्प बसली होती. विचारलं तर म्हणाली, “ताई, मग तो रूपक नाही राहत.”

चौदा मिनिटं नियम पाळून शेवटच्या मात्रेला मीच तो मोडणार होते, आणि हे मला अठरा वर्षांच्या मुलीने सांगावं लागलं. खर्ज काढला. दहाव्या मिनिटाचा आवाज तसाच ठेवायचा. उलट तिथे पेडलही द्यायचा. फसायचं तर नीट फसवू.

१६ ऑगस्ट, शनिवार

दहीहंडी. ठाण्यात आज पियानो वाजवणं म्हणजे समुद्रात पळी बुडवणं. सुट्टी.

१९ ऑगस्ट, मंगळवार

कालपासून कोसळतोय. लोकल ठप्प, ऐरोलीहून झपताल येणं शक्य नाही. हायग्रोमीटरवर दमटपणा ८८ टक्के. माझ्या पियानोत एका सुराच्या तीन तारा आपसातच भांडायला लागल्या आहेत, सा स्वतःशीच हेलकावे खातो. दुसऱ्या पियानोबरोबरचा हेलकावा त्यात हरवून गेला. नमद्याचे तुकडे खुपसून दोन तारा बंद केल्या, मधली एकच मोकळी ठेवली. आता आवाज बारीक, पण हेलकावा आरशासारखा. हेच ठेवावं का? सुरुवातीच्या आठ सेकंदांसाठी तरी.

२४ ऑगस्ट, रविवार

सलग, न थांबता. १४ मिनिटं २६ सेकंद. म्हणजे आम्ही हेलकाव्यापेक्षा थोडे मागे पडत गेलो, माणसं आहोत. दोनदा उड्या मारल्या, एकदा त्रितालबाईंनी, एकदा मी.

शेवटी एक प्रकार झाला. समेवर आम्ही तिघे थांबलो आणि रूपक थांबली नाही. ती, ती, ना, आणि चौथ्या मात्रेला मंद्र सा, एकटाच. मग तिने हात उचलले. “सॉरी ताई, हात खालीच्या मात्रेवर थांबेचना.” बराच वेळ कोणी बोललं नाही. तो सा खोलीत विरत होता आणि बाहेर कोणाच्या तरी गाडीचा रिव्हर्स हॉर्न.

पट्टीला पुढे चार चौकोन चिकटवले. १६८४व्या मात्रेला संपतं आता. पट्टीचं टोक स्विचबोर्डवर चढलं, पंख्याचं बटण झाकलं गेलंय.

१४ सप्टेंबर, रविवार

क्लासमध्येच वाजवलं. सोसायटीच्या वीस खुर्च्या, बाकीचे सतरंजीवर. पंखा बंद, त्याच्या घरघरीत हेलकावा ऐकू येत नाही, त्यामुळे सगळे घामाघूम. वरच्या मजल्यावरचे काका पहिल्या रांगेत, दुपारी दोन ते चार वाजवू नका असं वर्षभर सांगणारे.

सुरुवातीला सा धरला तेव्हा कोपऱ्यातलं एक चार-पाच वर्षांचं पोर हेलकाव्याबरोबर मान हलवायला लागलं. त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं.

दहाव्या मिनिटाला चौघांचे खर्ज पडले, पेडल दाबला, आणि वरच्या मजल्यावरच्या काकांनी टाळ्या वाजवल्या. मागून आणखी सहासात जणांनी. आम्ही वाजवत राहिलो. टाळ्या लाजल्यासारख्या विझत गेल्या. बाराव्या मिनिटाला पुन्हा तसाच दणका, तेव्हा एकही हात उठला नाही. खऱ्या समेला नाही. रूपकच्या त्या शेवटच्या ‘सा’लाही नाही. तो पूर्ण विरला, रूपक उठून उभी राहिली, तेव्हा कुठे लोकांची खात्री पटली.

बाबा जाताना म्हणाले, “रूपक बरोबर संपवलास.” मी संपवला नाही म्हटलं, तिने.

२३ नोव्हेंबर, रविवार

ट्यूनरकाका येऊन गेले. हवा कोरडी. माझा पियानो ४३९.२, आजींचा ४३८वर बसलाय. दोन्ही उतरले, पण सारखे नाही. काका म्हणाले, दोन्ही ४४०ला आणू का? मी म्हटलं, आधी पाच मिनिटं थांबा.

फरक १.२. हेलकावे मिनिटाला ७२. त्या लयीत १६८० मात्रा म्हणजे २३ मिनिटं २० सेकंद. रचना तीच, हिवाळ्यातली.

पहिल्या पानावर ‘लय १२०’ लिहिलं होतं ते खोडलं. तिथे आता लिहिलंय: ‘दोन पियानोंचा सा ज्या लयीत हलेल ती’. झपतालला फोटो पाठवला. त्याचं उत्तर, “मॅडम, आणि दोन्ही अगदी सुरात लागले तर?”

काकांना म्हटलं, एवढ्यात काही लावू नका. त्यांनी नुसता चहा घेतला आणि घोडबंदरची बस पकडली.